कोविड वॉर्डचा त्रास चार वर्षांनी सुरू झाला तर कुणाकडे जावं? (सरकारी नोकरीत आहे)

नाईटवाली
१२ ऑगस्ट २०२५, पहाटे ३:५०

नमस्कार. इथे मी सात-आठ वर्षं नुसती वाचते, बहुतेक पाककृती. लिहितेय पहिल्यांदाच. मोबाईलवरून आहे, चुका सांभाळून घ्या.

मी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात. जिल्हा सांगत नाही, कृपया विचारू नका. वय ४३, नोकरीला १८ वर्षं झाली. घरी मिस्टर, सासूबाई आणि दहावीतला मुलगा.

दोन्ही लाटांत मी कोविड आयसीयूला होते. त्या काळात मला काहीही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण सगळे आधी तेच विचारतात. झोप लागायची, जेवण जायचं. बरोबरीच्या दोघी चेंजिंग रूममध्ये रडायच्या, त्यांना चहा मी करून द्यायचे. इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, "हिला कुठेही टाका, ही चालते." मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. थाळ्या वाजवणाऱ्या गल्लीनेच नंतर नळावर येऊ नका म्हणून सांगितलं, ते सगळं आमच्याकडेही झालं. पण ते सगळ्यांचं लिहून झालंय, आणि मला ते लागलंही नाही.

यंदा मे-जूनमध्ये पुन्हा कोविडच्या बातम्या आल्या. फार काही नव्हतं, पण आमच्याकडे थोडे बेड राखून ठेवायचं ठरलं आणि स्टोअरमधून जुनी हाय फ्लो मशीन (नाकातून जोरात ऑक्सिजन देणारी) बाहेर काढली. पुसून, चालू करून बघायचं काम माझ्याकडे. एका मशीनच्या बाजूला चिकटपट्टी होती, तिच्यावर मार्करने इंग्रजीत अकराचा आकडा. एकच्या आकड्याला मी खाली आडवी रेघ देते. माझंच अक्षर होतं ते.

तेव्हापासून झोप गेली. ड्यूटी नसली तरी अडीच-तीनला डोळे उघडतात, आणि उघडतात तेच भागाकार करत. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर. मास्कवर मिनिटाला पंधराने चाललं तर पावणेआठ तास. हाय फ्लोवर साठने चाललं तर दोन तासही नाही. चार मशीन असतील तर? मग सिलिंडर बदलायला किती मिनिटं? अंथरुणात पडून मी हे करत बसते आणि उत्तर दरवेळी कमीच पडतं. एकदा उठून स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर हलवून बघितला. सासूबाई जाग्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, हेच जास्त वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते. मागच्या रविवारी मिस्टर दुपारी झोपले होते. त्यांच्या मित्राचा फोन आला, मी उचलला. "आहेत का साहेब?" मला सांगायचं होतं की झोपलेत. शब्दच येईना. मी फोन तसाच हातात धरून आत गेले आणि यांना गदागदा हलवून उठवलं. ते इतके घाबरले की आधी आईचं काही झालं का म्हणून विचारलं.

वॉर्डातल्या मैत्रिणीने अल्प्राझोलमची, म्हणजे घबराटीवरच्या, झोप आणणाऱ्या गोळीची पट्टी दिली, पाव मिलिग्रॅमची. रोज रात्री एक. सहा आठवडे झाले. मी नर्स आहे, हे बरोबर नाही एवढं मला कळतं.

आता विचारायचं ते. आमच्याच दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, पण तिथल्या बाकावर मी बसले तर दुपारच्या चहाच्या आत मेट्रन मॅडमपर्यंत जाईल. आमच्याकडे कुणी जरा विसरलं तरी "येरवड्याचं तिकीट काढा" म्हणतात. मीही म्हटलंय. गावात खाजगी डॉक्टर दोन, दोघेही आमच्या सरांचे मित्र. मग जायचं कुठे? रजा घ्यावी लागली तर अर्जात कारण काय लिहायचं? परिसेविकेच्या (म्हणजे इन्चार्ज सिस्टरच्या) पदोन्नतीची यादी निघायची आहे, तिला हे आडवं येईल का?

आणि हा आजार आहे का? चार वर्षांनी? का मीच काहीतरी नाटक करतेय?


सकारात्मक_राहा
१२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताई, सर्वप्रथम तुम्हा कोविड योद्ध्यांना मानाचा मुजरा! झालं गेलं गंगेला मिळालं. सीमेवरचा जवान रोज मृत्यू बघतो, तो कुठे रडत बसतो? गोळ्यांच्या मागे अजिबात लागू नका, त्या आज बंद करा. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. मोबाईल बंद, बोलणं बंद, मन एकदम स्वच्छ. माझ्या साडूंचा जुना राग त्याने गेला.


हेडक्लार्क_निवृत्त
१२ ऑगस्ट, सकाळी ९:४०

ताई, वैद्यकीय बाजू मला कळत नाही, कागद कळतात. आस्थापना शाखेत ३१ वर्षं काढली, म्हणून तेवढ्यापुरतं.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ बघा. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस खात्यावर जमा होते. वैद्यकीय दाखला जोडला की ती परावर्तित करून मिळते, म्हणजे पगार पूर्ण आणि खात्यातून दिवस दुप्पट वजा. तुमची १८ वर्षं झाली, फारशी वापरली नसणार. नर्सेसची कधीच वापरलेली नसते. आधी सेवापुस्तक काढून शिल्लक बघा, ते मागायला कुणाला कारण द्यावं लागत नाही.

अर्जाच्या कारणात "वैद्यकीय कारणास्तव" एवढे दोन शब्द. दाखल्याच्या नमुन्यात आजाराचं स्वरूप लिहायची जागा असते हे खरं आहे. तिथे काय लिहिणार हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. खोटं लिहायला सांगू नका, पण सगळी कहाणीही तिथे लिहावी लागत नाही. हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो, तो त्याच डॉक्टरांकडून वेळेत घेऊन ठेवा. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग पंधरा दिवस पगाराची बोंब. पदोन्नतीला ज्येष्ठता आणि गोपनीय अहवाल बघतात. गोपनीय अहवाल कामाचा असतो, रजेचा नव्हे.

विषय निघाला म्हणून लिहितो. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने ५० लाखांचं विमा कवच जाहीर केलं होतं. त्याचे दोन प्रस्ताव माझ्या टेबलावरून गेले. एक वॉर्डबॉयचा, एजन्सीमार्फत लागलेला. त्याची ड्यूटी कोविडलाच होती, याचा कागद कुणी द्यायचा यावरच फाईल फिरत राहिली. प्रस्तावाला पासपोर्ट फोटो लावलेला होता, लग्नाच्या फोटोतून कापलेला, खांद्यावर बायकोची बोटं राहिली होती. मी निवृत्त झालो तरी ती बोटं अजून दिसतात. मी वॉर्डात पायसुद्धा ठेवला नव्हता. म्हणून तुम्ही नाटक म्हणालात तिथे जरा थांबलो.


ओपीडी_नंबर_९
१२ ऑगस्ट, दुपारी २:२०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. इथून कुणाचं निदान करत नाही, तुमचंही करणार नाही. पण काही गोष्टी थांबवून ठेवण्यासारख्या नाहीत.

पहिली, सकारात्मक_राहा यांनी दिलेला गोळीचा सल्ला ऐकू नका. सहा आठवडे रोज घेतलेलं अल्प्राझोलम एकदम बंद केलं तर झोप आणखी उडते, जीव घाबरा होतो, क्वचित झटकाही येतो. वाढवूही नका. मैत्रिणीला सांगा, आता पट्टी पुरे. ते हळूहळू उतरवून द्यायचं काम डॉक्टरांचं. आणि विपश्यना आत्ता नको. शिबिराच्या अर्जातच मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं असतं, ते उगाच नाही. दहा दिवस गप्प बसून तुम्ही भागाकारच करत राहाल.

चार वर्षांनी होतं का? होतं. आघातानंतर सहा महिने उलटून मग लक्षणं पुरती दिसली, तर त्याला आमच्याकडे वेगळं नावच आहे, उशिरा दिसणारा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार. "कुठेही टाका, ही चालते" या वर्गातली बरीच माणसं माझ्याकडे उशिराच आली आहेत. अर्थात तुमच्या वयाला थायरॉइड, हिमोग्लोबिन, पाळीची गडबड हेही तपासायला हवं. झोप त्यानेही जाते.

जायचं कुठे: टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. फुकट, चोवीस तास, मराठीत. पहाटे तीनला इथे टाईप करण्यापेक्षा तिथे लावा. आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी गाठा. तिथे तुम्ही केसपेपरवरचा एक नंबर असाल, सिस्टर नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे. तुमची माहिती तुमच्या वरिष्ठांना परस्पर द्यायचा अधिकार डॉक्टरांना नाही.

आता दोन प्रश्न. जगू नये असं वाटतं का? सरळ विचारते, कारण नर्सच्या हाताशी औषधं असतात. दुसरा, "झोपलेत" या शब्दाचं काय आहे? याचं उत्तर इथे दिलं नाहीत तरी चालेल.


माणदेशी_आशा
१२ ऑगस्ट, रात्री ८:०५

ताई, राग मानू नका, पण तुम्हाला रजेचा अर्ज करता येतो हेच मला मोठं वाटलं. आम्ही आशा म्हणजे स्वयंसेविका. पगार नाही, मानधन. रजा कशाची? २०२० च्या सप्टेंबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"साठी ऑक्सिमीटर आणि तापाची गन घेऊन वस्तीवस्तीवर फिरलो. मीच जिला बाळंतपणाला घेऊन गेले होते तिने दार लावून घेतलं, आशाने आकडा लिहिला की सेंटरला उचलून नेतात म्हणून. २०२१ च्या जूनमध्ये आम्ही राज्यभर संप केला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला, त्याचं पत्र गटप्रवर्तक ताईंनी मोबाईलवर दाखवलं.

मला तुमच्यासारखं रात्रीचं काही होत नाही. फक्त ऑक्सिमीटर हातात घेतला की आकडा येईपर्यंतची दोन सेकंदं सहन होत नाहीत. हा आजार आहे का ते मॅडमनी सांगावं.


नाईटवाली
१३ ऑगस्ट, पहाटे ४:१०

सगळ्यांचे आभार. हेडक्लार्क काका, सेवापुस्तक आजच मागते. आशाताई, राग कसला. तुमचं बरोबर आहे.

मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. गाडीवरून ड्यूटीला जाताना कधी कधी वाटतं, पोहोचलेच नाही तर बरं. एवढंच.

दुसऱ्याचं लिहिते. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

एप्रिल २०२१ चा शेवटचा आठवडा. २१ तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त रुग्ण गेले होते. त्यानंतर आमच्याकडे दर तासाला एक जण खाली जाऊन टाकीचा काटा बघून यायचा. वर आम्ही दोन सिस्टर, एक ब्रदर आणि एक मावशी. चौदा बेड. हाय फ्लो चार. डॉक्टर रात्री एकच, दोन मजल्यांना मिळून.

बेड ११ ला एसटीतले कंडक्टर होते. पन्नाशीचे. नऊ दिवस झाले होते. मास्क जरा बाजूला झाला की विचारायचे, "सिस्टर, किती?" म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, शंभरात. ८४ असलं तरी मी ८८ सांगायचे. त्यावर त्यांचं ठरलेलं, "सुट्टे बघा की कुठेतरी, शंभर पूर्ण करायचेत." बोलायला दम पुरायचा नाही, तरी हे एवढं बोलायचे.

त्यांचा मोबाईल निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत उशाशी असायचा. बायकोचा फोन रोज रात्री यायचा, ते बोलू शकत नव्हते म्हणून मी बोलायचे. काय जेवले, लघवी झाली का, कूस बदलली का, सगळं विचारायची. स्क्रीनवर नाव यायचं "मंडळी".

त्या रात्री २:१० ला गेले. डॉक्टर आले, सरळ रेघेचा ईसीजी काढला, वेळ लिहिली आणि पळत खाली गेले, तिथे दुसरी अरेस्ट होती, म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडलं होतं. नातेवाइकांना डॉक्टरांनीच सांगायचं असा नियम आहे. नियम बरोबरच आहे, मी तो अठरा वर्षं पाळलाय. इकडे बेड ४ ची पोरगी सत्तरवर आली होती. तीस वर्षांचीही नव्हती. ११ चं मशीन मोकळं झालं होतं. आम्ही असंच म्हणायचो, मोकळं झालं. मी सर्किट बदललं आणि मशीन ४ कडे ओढत निघाले, तेवढ्यात पिशवीतला फोन वाजायला लागला. रात्रीचे २:३५. तो घेतलाच नसता तर चाललं असतं. सवयीने घेतला. दोन-दोन ग्लोव्हज, पिशवीवरूनच बोट दाबलं, स्पीकरवर टाकला.

ती म्हणाली, "सिस्टर, झोप येईना म्हणून केला. कसे आहेत?"

मी म्हटलं, "झोपलेत."

"बरं झालं. उठवू नका हं." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही पण जरा टेका."

डॉक्टर वर आले सव्वाचारला. तेव्हा तिला कळवलं. मधला पावणेदोन तासांचा वेळ ती माझ्या शब्दावर निजली असेल. का नसेल निजली. मला कळायला मार्ग नाही. सकाळी ती आली तेव्हा मी निघून गेले होते. किट काढलं, आंघोळ केली, मागच्या दाराने घरी. घरी पोहे होते, ते खाल्ले आणि झोपले. सहा तास झोपले, खरंच.

बेड ४ वाचली. दिवाळीत पेढे घेऊन आली. माझा चेहरा तिने कधी बघितलाच नव्हता, किटवर मार्करने लिहिलेलं नाव तेवढं आठवत होतं, ते विचारत विचारत वॉर्डात आली. मी पेढा खाल्ला, तिच्या बाळाचा फोटो बघितला. तेव्हाही काही झालं नाही.

मला गेलेल्या माणसांचं नाही लागत, मॅडम. हे वाचून कुणाला मी दगड वाटेन. मला "तुम्ही पण जरा टेका" हे लागतं. खोटं सगळ्याच बोलायच्या, ८४ चं ८८ सगळ्याच करायच्या. पण मेलेल्या माणसाला मी झोपलेला म्हटलं, आणि त्या बाईने उलट माझी काळजी केली.


पायलट१०८
१३ ऑगस्ट, सकाळी ६:३०

१०८ वर गाडी चालवतो. सिस्टर, फक्त वाचलं एवढं सांगायला लिहितोय.


सकारात्मक_राहा
१३ ऑगस्ट, सकाळी ८:५०

ताई, काल गोळ्यांबद्दल बोललो ते मागे घेतो. माहिती नसताना बोललो.


वर्ध्याची
१३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मी पलीकडच्या बाजूची. माझे बाबा सप्टेंबर २०२० मध्ये नागपूरला वारले, कोविडनेच. आम्हाला आत सोडत नव्हते, मी लॉजवर होते.

मला पहाटे सव्वातीनला फोन आला तो एका सिस्टरचा. डॉक्टरांचा नाही. तिने खरं सांगितलं, लगेच सांगितलं. "तुमचे बाबा गेले, आत्ताच," असं म्हणाली आणि रडायला लागली. आवाजावरून अगदी लहान वाटत होती, नुकती लागलेली असेल. ती थांबेचना. मग मीच तिला म्हणत राहिले, रडू नको, पाणी पी, तू काय करणार होतीस. चार-पाच मिनिटं मी तिची समजूत काढली आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बाबांना शेवटी काय झालं हे विचारायचंच राहिलं. मला तिचा प्रचंड राग आला. अजून येतो कधी कधी. माझं रडणं तिने घेतलं असं वाटतं. हे चुकीचं आहे, मला माहीत आहे.

त्यामुळे तुम्हाला माफ करायला वगैरे मी लिहीत नाहीये, तो माझा अधिकार नाही. त्या कंडक्टरांच्या बायकोच्या मनात काय असेल तेही मला माहीत नाही. पण २:३५ ला खरं सांगितलं असतं तर सगळं सरळ झालं असतं, असं धरून चालला असाल तर तसं नसतं. माझ्या बाबतीत खरंच सांगितलं होतं.


ओपीडी_नंबर_९
१३ ऑगस्ट, दुपारी ३:००

सिस्टर, लिहिलंत हे बरं केलंत. आधी "एवढंच" बद्दल. पोहोचलेच नाही तर बरं, हे एवढंच नसतं. डॉक्टरांना भेटाल तेव्हा हे वाक्य जसंच्या तसं सांगा, आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगा. शेवटी दाराशी उभं राहून नाही. नर्स आणि डॉक्टर दोघेही हमखास दाराशी सांगतात. आणि तोवर ड्यूटीला गाडीवर एकट्या जाऊ नका, मिस्टरांना सोडायला सांगा. कारण सांगायचं नसेल तर पाऊस म्हणा.

भीतीचा धक्का वेगळा आणि आपल्या हातून झालेल्या गोष्टीची टोचणी वेगळी. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात या दुसऱ्या प्रकाराला मॉरल इंज्युरी म्हटलं. मराठीत "नैतिक इजा" करतात, मला तो शब्द पोलीस पंचनाम्यातला वाटतो. आमची आजी "मनाला लागून राहिलंय" म्हणायची, ते जास्त जवळचं. महासाथीत ते डॉक्टर-नर्सेसमध्ये फार दिसलं, कारण एक मशीन आणि दोन माणसं असा प्रश्न आपल्याकडे रोजचा होता. भागाकार आणि पहाटेची जाग औषधाने बऱ्यापैकी आटोक्यात येते, दोन ते सहा आठवडे लागतात. "झोपलेत" मात्र कुणासमोर तरी बसून, पुन्हा पुन्हा सांगून सोडवावं लागेल. त्याची पद्धत असते, ती शिकलेलं माणूस शोधा. नुसतं मन मोकळं करा म्हणणारं नको.

चौदा बेडना एका रात्री अर्धा डॉक्टर, ही व्यवस्था तुम्ही आखली नव्हती. हे तुम्हाला आत्ता पटणार नाही, म्हणून वाद घालत नाही.

माणदेशी_आशा, ऑक्सिमीटरच्या दोन सेकंदांना आजार म्हणायची घाई नको. पण त्यामुळे तुम्ही आकडा बघायचा टाळायला लागलात, तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे. त्याला रजा लागत नाही.


नाईटवाली
२ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ६:४५

उशीर झाला. गौरी-गणपती होते, दोन दिवस ड्यूटी पण होती.

१४४१६ लावला तो एसटी स्टँडवरून, घरात धीर झाला नाही. मागे गाड्यांचे पुकारे चालू होते, त्यामुळे फोनवरच्या मुलीला निम्मं ऐकू जाईना. तिने नाव विचारलं, मी गप्प, तर म्हणाली नाव नाही सांगितलं तरी चालेल. सगळं सांगितलं नाही. भागाकारापर्यंत सांगितलं.

मग शेजारच्या जिल्ह्यात जाऊन आले. मिस्टरांना बरोबर यायचं होतं, मी नको म्हटलं, तरी आले आणि बाहेर वडापावच्या गाडीवर थांबले. ओपीडीतल्या सिस्टरने बीपीला हात मागितला, मी बाही वर करून तळहात वर असा ठेवला. ती हसून म्हणाली, "कुठल्या वॉर्डला असता?" ओळखलंच. पण पुढे काही विचारलं नाही, आणि मला मागच्या खोलीत बसवलं, बाकावर नाही.

डॉक्टर तरुण होते. दाराशी सांगायचं नाही हे लक्षात ठेवलं होतं, बसल्या बसल्या सांगितलं. अल्प्राझोलम कमी करायचं वेळापत्रक लिहून दिलं, सर्ट्रालिन (उदासी-घबराटीवरची गोळी) सुरू केलंय, आणि तिथल्या मॅडमकडे दर गुरुवारी बोलायला जायचंय. थायरॉइडचा रिपोर्ट बरा आला. पंधरा दिवसांचा अर्ज टाकलाय. क्लार्कने कारण वाचलं, शिक्का मारला, पुढचा कागद घेतला. तेवढंच. काका, शिल्लक २९० दिवस निघाली.

वर्ध्याची ताई, तुमचं लिहिलेलं मी खूपदा वाचलं. माझ्या हाताखाली दोन नव्या मुली आहेत, पंचविशीच्या आतल्या. नातेवाइकांशी फोनवर कसं बोलायचं हे त्यांना कुणीही शिकवलेलं नाही. मलाही नव्हतं शिकवलं. 

मिस्टरांना सगळं सांगितलं, परत येताना एसटीतच. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, दुपारी फोन आला तर मला खुशाल उठवत जा, तशीही माझी झोप सावधच असते. परवा त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा उठवलं. काही बोलले नाहीत, घेतला.

मॅडम, एक विचारायचं राहिलं. सर्ट्रालिन सकाळी घ्यायला सांगितलंय. रजा संपली की पुन्हा नाईट आहे. मग माझी सकाळ कुठली धरायची? अठरा वर्षं दुसऱ्यांना गोळ्यांच्या वेळा सांगतेय आणि स्वतःची विचारायला विसरले.


ओपीडी_नंबर_९
२ सप्टेंबर, रात्री ९:३०

घड्याळातली एक वेळ धरा आणि ड्यूटी असो नसो तीच ठेवा, नाश्त्यानंतरची. नाईटवरून येऊन घेतल्यावर झोप लागत नसेल तर त्याच डॉक्टरांना फोन करा, मी इथून बदलणार नाही. आणि सध्या नाईट नको अशी चिठ्ठी त्यांच्याकडून मागून घ्या. न मागता कुणी देत नाही.


नाईटवाली
२ सप्टेंबर, रात्री ९:५०

चिठ्ठीचं गुरुवारी विचारते. नाश्ता नऊला असतो, पोहेच असतात बहुतेक. त्यांच्यावर घेत जाईन.